‘एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नवी मुंबईतल्या धारण तलावांची (पावसाचं पाणी साठवून धरणाऱ्या तलावांची) गणिती मॉडेलं ग्राफने, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या बाणांच्या आकृतीने, कशी जोडायची, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘हे एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, ग्राफ थिअरीचा बागुलबुवा कशाला? नुसतं पांडित्य मिरवणं.’ मतभेद असू द्यात, पण ‘मिरवणं’ हा शब्द लागला. पंधरा वर्षं मॉडेलं एकमेकांना जोडायचंच काम करतोय. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हे लिहिलं नसतंत.

एक चूक तुम्ही बरोबर पकडलीत. आकृतीत तलावात येणाऱ्या पाण्याचा दर 11.1 घनमीटर प्रति तास असा आला होता, ते प्रति सेकंद हवं. दुरुस्त केलंय.

आता ‘पाच मिनिटां’बद्दल. खाडीचं पाणी तलावापेक्षा वर चढलं की फ्लॅप गेट (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारं झडपेचं दार) मिटतं, आणि पावसाचं पाणी एक तर तलावात साठतं किंवा पंपाने बाहेर काढावं लागतं. म्हणून तलावाच्या पातळीच्या मॉडेलला तीन गोष्टी एकदमच लागतात: वाहून येणारं पाणी, खाडीची पातळी, पंपाचा उपसा. साधे तीन बाण काढले तर कुठल्याही एका बाणाने तलावापर्यंत पोचता येतं असं दिसतं, आणि तसं ते नसतं. नेमक्या याच अडचणीसाठी अमित बसू आणि रॉबर्ट ब्लॅनिंग या संशोधकांनी मेटाग्राफ मांडला. त्यात बाण एका संचाकडून दुसऱ्या संचाकडे जातो. खाडीची पातळी भरतीच्या तक्त्यावरूनही मिळते आणि पातळीमापकावरूनही, म्हणून तिच्याकडे दोन स्वतंत्र बाण. बाणाच्या आत ‘आणि’, दोन बाणांमध्ये ‘किंवा’. तक्ता आला नाही तर कोणतं गणित अडेल आणि कोणतं तरीही चालेल, हे त्यामुळे आधीच कळतं.

बाणावर एकक आणि कालखंडही लिहावा लागतो. 100 हेक्टर क्षेत्र, तासाला 50 मिमी पाऊस, वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा वाटा) 0.8 धरा: 0.8 × 50 × 100 ÷ 360 (360 एककं बदलण्यासाठी) म्हणजे सेकंदाला 11.1 घनमीटर. गेट मिटलेलं आणि पंप बंद असेल तर 10 हेक्टरचा तलाव तासाभरात 40 सेंटिमीटर चढतो. पावसाचं मॉडेल मात्र दर 15 मिनिटांचे मिलिमीटर देत असेल, तर 12.5 हा आकडा तासाचा समजून तसाच आत जातो आणि तलाव फक्त 10 सेंटिमीटर चढलेला दिसतो. कुठेही एरर येत नाही. एक्सेलच्या सेलला मिलिमीटर कळत नाही, नुसता आकडा कळतो.

‘सर्क्युलर रेफरन्स (सेल फिरून स्वतःवरच अवलंबून असणं) एक्सेल दाखवतंच की’ असंही तुम्ही म्हणता. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (तेच गणित पुन्हा पुन्हा करायची सोय) चालू केलं की ती सूचना येतच नाही. मूळ सेटिंगनुसार 100 फेऱ्या होतात, किंवा फरक 0.001 च्या खाली गेला की थांबतात, आणि जो आकडा हाती येईल तो उत्तर म्हणून दिसतो. शीट दुसऱ्या फाइलमधून आकडा घेत असेल आणि ती फाइल बंद असेल, तर तिच्यातला शेवटचा साठवलेला आकडा उचलला जातो. इथे चक्र खरंच आहे: पातळीवरून पंप ठरतो, पंपावरून पातळी. संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांच्या 1972 च्या पद्धतीने असे एकमेकांत अडकलेले नोड (ग्राफमधले बिंदू; नवी मुंबईत सिडकोने वसवलेल्या भागांनाही नोड म्हणतात, ते नव्हेत) एका फेरीत सापडतात. मग चक्र काळाने तोडायचं: मागच्या 15 मिनिटांची पातळी, त्यावरून आत्ताचा पंप, त्यावरून आत्ताची पातळी. पंप सुरू करायची पातळी बंद करायच्या पातळीपेक्षा वर ठेवायची, नाहीतर तो सारखा चालू-बंद होत राहतो. चक्र सुटलं की आर्थर कान यांच्या 1962 च्या रीतीने क्रम लावता येतो: ज्याला कुणाची वाट पाहायची नाही ते मॉडेल आधी, मग त्याचे बाण पुसत पुढे.

आणि एक्सेलसुद्धा सेल कोणत्या क्रमाने मोजायचे हे आतल्या अवलंबित्वाच्या ग्राफवरूनच ठरवतं. ज्याला बागुलबुवा म्हणता, त्याच्याच जिवावर तुमची शीट चालते.

आकृतीचे रंग, लेखाची लांबी वगैरे मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. तुमच्या शीटमध्ये कोणती फाइल कुठून काय उचलते, तेवढं एकाखाली एक लिहून इथे टाका. चक्र कुठे आहे ते मी ओळ दाखवून सांगतो.