‘३२ एक्स झूम’विषयी आपण केलेल्या तक्रारीस दुकानमालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार साहेब,

आपण एक तारा देऊन लिहिले आहे की, ‘३२ एक्स सांगून ८ एक्सचा कॅमेरा गळ्यात मारला, नाथसागरावरचे रोहित पक्षी म्हणजे नुसते गुलाबी डाग आले, ही सरळ फसवणूक आहे.’ आपला हिरमोड झाला याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. काउंटरवरच्या पाटीवर ‘३२ एक्स’ ठळक आणि ‘८ एक्स ऑप्टिकल’ बारीक अक्षरांत होते, ही आमची चूक मला मान्य आहे. मात्र ‘फसवणूक’ हा शब्द जिव्हारी लागला. गुलमंडीवरचे हे दुकान वडिलांच्या फोटो स्टुडिओपासून चालत आले आहे, आणि मोबाइलमुळे आधीच कमी झालेले गिऱ्हाईक असा एक शब्द वाचला की पायरी चढत नाही.

आपल्या बिलावर ‘ऑप्टिकल ८ एक्स, डिजिटल ४ एक्स’ असे दोन्ही आकडे मी स्वतः लिहिले आहेत. ३२ हा त्यांचा गुणाकार आहे. त्यांपैकी ८ पट हे भिंगाचे काम आहे. आतील भिंगे पुढे-मागे सरकतात, २८ मिलिमीटरच्या तोडीचे नाभीय अंतर २२४ मिलिमीटरपर्यंत वाढते आणि दूरचे दृश्य मोठे होऊनच सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर पडते, त्यामुळे १६ मेगापिक्सेलपैकी (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके) एकही वाया जात नाही. पुढच्या ४ पटींत भिंग हलतही नाही. कॅमेरा सेन्सरवरच्या चित्राचा फक्त मधला तुकडा घेतो. त्याची रुंदी आणि उंची दोन्ही पाव होत असल्याने सोळावा हिस्सा, म्हणजे १ मेगापिक्सेल उरतो, आणि बाकीचे ठिपके शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरले जातात. फाइल १६ मेगापिक्सेलची दिसते, पण पिसांचा तपशील वाढलेला नसतो. वडील एन्लार्जरवर, म्हणजे फोटो मोठा करण्याच्या यंत्रावर, निगेटिव्हचा मधला भाग मोठा करीत, तेव्हाही ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे, असाच उठून दिसे.

आपण ८ बाय १२ इंची प्रिंट काढून घेतली. त्या मधल्या तुकड्याच्या रुंदीतले मूळचे सुमारे ११५२ ठिपके १२ इंचांवर पसरले की इंचाला ९६ येतात. चांगल्या प्रिंटला ३०० लागतात. त्यात संध्याकाळचा उजेड, आणि हाताची थरथरही झूमबरोबर तितकीच मोठी होते.

हे सारे मी त्या शनिवारी रात्री पावणेनऊला, शटर अर्धे खाली आलेले असताना, सांगायला घेतले होते. झूमच्या पट्टीवर ऑप्टिकल संपून डिजिटल सुरू होते ती रेघही पडद्यावर दाखवली होती. आपण म्हणालात, ‘ते तांत्रिक राहू द्या, उद्या पहाटे पैठणला निघायचे आहे, किती लांबचे दिसते तेवढे सांगा,’ आणि तेवढ्यात आपल्याला फोन आला. आम्ही थांबलो, आणि मेमरी कार्डाचे पैसेही घेतले नाहीत. उपकार म्हणून हे सांगत नाही. परंतु ज्याला फसवायचे असते तो बिलावर दोन आकडे वेगळे लिहीत नाही.

पाटी बदलून घेत आहोत आणि दुकानातील मुलांनाही योग्य त्या सूचना देत आहोत. आपण कॅमेरा घेऊन यावे. मेनूतून डिजिटल झूम बंद करून देतो, म्हणजे झूम ८ एक्सलाच थांबेल. त्यापुढचा भाग घरी संगणकावर कापला तरी जवळपास तेवढेच हाती लागते, शिवाय पूर्ण चित्रही शिल्लक राहते. कॅमेरा वापरलेला असल्याने सगळी रक्कम परत करणे अवघड आहे, तरी काही मार्ग निघतो का ते समोरासमोर पाहू. सोमवारी दुकान बंद असते; इतर दिवशी सकाळी ११ नंतर मी स्वतः असतो. येताना बिल अवश्य आणावे, त्यावरचे दोन्ही आकडे आपण एकदा वाचावेत आणि मग त्या एका शब्दाचा फेरविचार करावा, एवढीच नम्र विनंती आहे.

आपला,
दुकानमालक