गाडी भाड्याची, अर्थिंग मामाचं

ऑफिसातून एक मेल आला आणि माझे तीन आठवडे पाण्यात गेले. मेल एचआरचा होता. इलेक्ट्रिक गाडी लीजवर घ्या, भाडं पगारातून परस्पर कापू, टॅक्स वाचेल. ‘टॅक्स वाचेल’ हे दोन शब्द वाचले की नोकरदार माणसाचं जे होतं तेच माझं झालं. मी एक्सेल उघडलं.

आमच्याकडे २०११ची पेट्रोल वॅगनआर आहे. तिची तक्रार नाही. म्हणजे तिची आमच्याबद्दल असेल, आमची तिच्याबद्दल नाही. पण कॉलनीत हिरव्या पाटीच्या गाड्या वाढल्यापासून आमचे चिरंजीव तिच्यात बसताना मान खाली घालून बसतात.

रात्री जेवताना विषय काढला.

“लीज म्हणजे एमआयडीसीत प्लॉट घेतात तशी ना?” आई म्हणाली. बाबांची सगळी नोकरी भोसरीला झाली, त्यामुळे तिला ते ठाऊक. “पंच्याण्णव वर्षांची?”

“नाही गं, चार वर्षांची.”

“आणि चार वर्षांनी गाडी कुणाची?”

“कंपनीची. हवी तर तेव्हाच्या किमतीला आपण विकत घ्यायची.”

“आणि मधे भरलेले पैसे?”

“तेही कंपनीचे.”

आईने ताकाचा भुरका मारला. एवढ्यावर निर्णय घेतला असता तर माझे एकवीस दिवस वाचले असते. पण मी शिकलेला माणूस.

आकडे असे होते. रस्त्यावर येईपर्यंत साडेपंधरा लाखांची गाडी. भाडं महिना ३१,००० रुपये, विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच. अठ्ठेचाळीस महिन्यांचे झाले १४,८८,०००. टॅक्सचे नऊ-साडेनऊ हजार वाचले असं धरलं तरी खिशातून दरमहा साडेएकवीस हजार जाणार. आता पेट्रोल. आम्ही वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरतो. लिटरला पंधराचं अॅव्हरेज, म्हणजे चारशे लिटर, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या आतबाहेर. विजेवर तेच अंतर सात-आठशे रुपयांत. महिन्याला सत्तावीसशे रुपये वाचवण्यासाठी महिन्याला साडेएकवीस हजार रुपये भरायचे, असं ते गणित होतं. मी तीनदा तपासलं. सूत्र बरोबर होतं.

ईव्हीचं, म्हणजे विजेच्या गाडीचं, अर्थशास्त्र म्हणजे जेवढं जास्त फिराल तेवढी स्वस्त. मेसच्या डब्यासारखं; पैसे भरलेत ना, मग खा. मी ‘वार्षिक किमी’ या रकान्यात ६,०००चे ९,००० केले. थोडं बरं दिसलं. १४,००० केले, आणखी बरं दिसलं. बायको मागे उभी होती.

“कुठे जाणारेस रे एवढा?”

“माणसाने फिरायला हवं.”

“मागच्या रविवारी पर्वतीला चल म्हटलं तर पार्किंग मिळत नाही म्हणालास.”

रकाना परत ६,०००वर आला.

मग बॅटरी भाड्याने देण्याची योजना वाचनात आली. २०२४च्या सप्टेंबरात एमजीने विंडसर आणली ती याच थाटात: गाडी ९.९९ लाखांना तुमची, बॅटरीचं भाडं मात्र किलोमीटरला साडेतीन रुपये. मी उत्साहाने आईला समजावलं. “म्हणजे गाडी आपली, पण जेवढी चालेल तेवढे पैसे द्यायचे.”

“रिक्षा की!” आई म्हणाली. “फक्त चालवायची आपण.”

रेंजचा प्रश्न निराळाच. कंपनीच्या पत्रकात एका चार्जमध्ये साडेचारशे किलोमीटर लिहिलेलं. हे आकडे ज्या संस्था तपासतात त्यांतली एक एआरएआय, म्हणजे आमची वेताळ टेकडीवरचीच. तिच्यामुळे अख्खं कोथरूड त्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतं. मी रोज सकाळी तिथे चढतो, म्हणून मला त्या आकड्याबद्दल घरचा माणूस असल्यासारखा विश्वास वाटायचा. मग कळलं की हा आकडा ज्या चाचणीतून येतो तिचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, आद्याक्षरं परत एमआयडीसी. त्या चाचणीत गाडीचा कमाल वेग नव्वद. रोलरवर चालते, मागच्या सीटवर सासूबाई नाहीत, डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर नाही. मीसुद्धा टेकडीवर सकाळी साडेसहाला, पोट रिकामं आणि वारा पाठीमागून असेल तर भलताच तंदुरुस्त असतो.

तेव्हा बायकोने एकच शहाणपणाची सूचना केली: आधी एक भाड्याने घेऊन गुहागरला जाऊन बघू. मामाचं घर तिथे आहे, आमच्या वर्षाच्या किलोमीटरांचा पाव हिस्सा त्याच रस्त्यावर जातो. शनिवार-रविवारसाठी गाडी आणली. पार्किंगची जागा एकच, म्हणून वॅगनआर उचलून बाहेर रस्त्यावर लावली.

गाडी छान होती हे कबूल करतो. आवाज नाही, गिअर नाही, सिग्नलला हिरवा दिवा पडला की मागचे हॉर्न वाजवेपर्यंत आपण चौक ओलांडलेला. टोलमाफीची मजा मात्र आमच्या नशिबी नव्हती. २०२५च्या धोरणात राज्य सरकारने ईव्हींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू मोकळे करायचं ठरवलं. आमचं सगळं सासर-माहेर सातारा रस्त्यावर. खेड शिवापूरला नेहमीसारखे पैसे कापले गेले.

साताऱ्यापर्यंत मी रस्त्याकडे कमी आणि बॅटरीच्या टक्क्यांकडे जास्त बघत होतो. बायकोने एसी एकने वाढवला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. “काच उघडू या का, छान वारा आहे,” असं मी मे महिन्यात म्हणालो. साताऱ्याला एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. त्याला त्याचं स्वतःचं अॅप लागत होतं, अॅपला ओटीपी, ओटीपीला रेंज, आणि एवढं झाल्यावर वॉलेटात आधी पाचशे रुपये भरा. चार्जिंगला फक्त तीनशे दहा खर्च झाले. उरलेले एकशे नव्वद अजून त्या वॉलेटात आहेत. असे मोबाइलमध्ये माझे आता चार वॉलेट आहेत आणि चारही ठिकाणी माझं उष्टं पडलेलं आहे.

पाटण गेलं, कोयना आली. कोयनेचा प्रकल्प १,९६० मेगावॅटचा. निम्म्या महाराष्ट्राचे पंखे या पाण्यावर फिरले आहेत. आणि मी त्याच्या दारातून चाळीस टक्के बॅटरीवर, जीव मुठीत धरून चाललो होतो. तळ्याकाठी तहानलेला म्हणतात तो हाच.

मग कुंभार्ली घाट. उतरताना पाय उचलला की मोटर उलटी वीज तयार करते, हे पुस्तकी ज्ञान होतं. प्रत्यक्षात घाटाखाली आलो तेव्हा टक्के दोनने वाढलेले! चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. मलाही आयुष्यात पहिल्यांदा खर्च करून शिल्लक वाढल्याचा अनुभव आला. (परत येताना त्याच घाटाने अकरा टक्के वसूल केले. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.)

मामाकडे पोचलो तेव्हा अठरा टक्के. पडवीत विहिरीच्या पंपाचं पंधरा अँपिअरचं सॉकेट होतं. वायर लावली. चार्जरवर लाल दिवा. काढून लावली, लाल. मामा माडाला पाणी घालत बघत होता.

“अर्थिंग नाही मिळत त्याला,” म्हणाला. “पंप बिचारो असल्या चौकशा करत नाही.”

मग घरामागे गेला, अर्थिंगच्या खड्ड्यात मूठभर खडेमीठ टाकलं आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. आत आलो तर दिवा हिरवा. साडेपंधरा लाखांची गाडी, टचस्क्रीन, सहा एअरबॅग, आणि ती चालली मिठाच्या पाण्यावर. मामीने विचारलं, “हळद-कुंकू लावू का?”

रात्री मामाचा नियम आला: पंप चालू की गाडी चालू, एक ठरवा. पोफळींना पाणी जाईपर्यंत गाडी थांबली. मग एकला वीज गेली, ती पाचला आली. मी मधे दोनदा उठून, टॉर्च घेऊन, पडवीत तिची चौकशी करून आलो. घरात लहान मूल तापलं की असं व्हायचं. सकाळी बासष्ट टक्के. परतताना कराडच्या अलीकडे पन्नास मिनिटं थांबलो. पुढे एक गाडी होती, तिच्यात असंच एक कुटुंब पेरू खात बसलं होतं. आम्ही त्यांना चिवडा दिला, त्यांनी आम्हाला पेरू. दोघांनीही एकमेकांना विचारलं, “मग, परवडते का?” दोघांनीही उत्तर दिलं, “तसं बघायला गेलं तर...”

पुण्याला आल्यावर एक्सेलमध्ये दोन नवे रकाने आले, ‘मीठ’ आणि ‘झोप’. फाइलचं नाव झालं ‘लीज_अंतिम_नक्की_७’. तेवढ्यात करारातलं अकरावं कलम वाचलं: मुदतीआधी नोकरी सोडली तर गाडी परत करून दंड भरायचा किंवा उरलेले पैसे भरून ठेवून घ्यायची. बॉसला ही योजना एवढी का आवडली होती ते तेव्हा समजलं. शिवाय गाडी परत देताना ओरखडे मोजणार. आमच्या पार्किंगमध्ये दोन खांब आहेत आणि दोघांच्याही अंगाला वॅगनआरचा रंग लागलेला आहे.

एचआरची मुदत महिनाअखेरीला संपत होती. एकतीस तारखेला सकाळी हो-नाहीचं बटण दाबायचं ठरवलं, आणि त्याआधी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोडायचं होतं. वॅगनआर त्या गुहागरच्या शनिवारपासून बाहेर रस्त्यावरच उभी. वर बुचाच्या फुलांचा सडा. किल्ली फिरवली. ट्क. पुन्हा फिरवली. ट्क.

वॉचमन आणि मी मिळून ढकलली, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून “दुसऱ्या गिअरला टाका!” असं मार्गदर्शन केलं. शेवटी गॅरेजवाला पोरगा स्कूटरवर आला, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, “काका, बॅटरी बसली. नवी टाकायला लागेल, साडेचार हजार.”

आई रस्त्याच्या कडेला छत्री टेकून उभी होती.

“त्याला विचार,” ती म्हणाली, “ही भाड्याने मिळते का.”