पंधरा मुलं आणि दोन शिक्षक

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचा प्रस्ताव महाराष्ट्रात २०२३ मध्ये आला. मग १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष बदलले आणि छोट्या शाळांतली शिक्षकपदं धोक्यात आली. शिक्षक रस्त्यावर उतरले. तेव्हापासून घरी फोन केला की एक प्रश्न हमखास येतो: पंधरा पोरांसाठी दोन मास्तरांचा पगार सरकारने का भरायचा?

प्रश्न मनापासून विचारलेला असतो, पण मला तो पटत नाही. त्याचं कारण मी राहतो त्या अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात आहे.

इथे घराच्या कराच्या बिलात शाळेचा वाटा वेगळा दाखवतात आणि बहुतेक गावांत तोच सर्वांत मोठा असतो. घरं महाग असलेल्या गावाच्या शाळेला पैसा सहज मिळतो. कॅम्डेनसारख्या शहरात घरांना किंमतच नाही, तिथे कराचा दर वाढवूनही हाती फारसं लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये टेक्सासच्या रॉड्रिग्ज खटल्यात अशा पद्धतीत हात घालायला ५ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला. पण न्यू जर्सीच्या स्वतःच्या घटनेत प्रत्येक मुलाला चांगल्या शाळेची हमी आहे. तिचा आधार घेऊन गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीने 'ॲबट विरुद्ध बर्क' हा खटला लढला गेला. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: या मुलांवर श्रीमंत उपनगरांइतका खर्च करा, आणि गरिबीमुळे जे जास्तीचं लागतं तेही द्या. १९९८ मध्ये त्याच खटल्यातून या शहरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना मोफत बालवाडी मिळाली.

पुढे २००८ च्या कायद्याने अनुदानाचं सूत्र ठरवलं. त्यात गरीब घरचं मूल एक न धरता साधारण दीड धरतात. इंग्रजी शिकत असलेलं मूलही तसंच. सूत्र केलं तरी सरकारने पुढे बरीच वर्षं त्याप्रमाणे पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि श्रीमंत गावांच्या शाळा आजही सरसच आहेत. तरी ते 'दीड' मला फार मोलाचं वाटतं. कोणत्या मुलाला जास्त लागतं, हे सरकारने कायद्यात लिहून दिलं आहे.

आपल्याकडे हिशेब डोक्यांचा. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्यातलं किमान प्रमाण आहे. प्रत्यक्षात वाडीवरच्या शाळेत पाच इयत्तांची पंधरा मुलं दोन खोल्यांत बसतात. एक गुरुजी केंद्रशाळेच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की दुसऱ्या बाईंकडे पाचही इयत्ता, शिवाय पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती. त्यातला एक शिक्षक काढला तर वाचेल तो एक पगार. आणि तो वाचवायचा कुणाकडून? ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांच्याकडून.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं. महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, ही त्यांची तक्रार होती. लोकल फंडातला, म्हणजे स्थानिक उपकराच्या निधीतला, निम्मा पैसा फक्त प्राथमिक शिक्षणाला द्या, असंही त्यांनी मागितलं होतं. आज शहरांतल्या मिळकतकराच्या बिलात 'शिक्षण कर' असतो. १९६२ च्या कायद्याने लावलेला हा कर पालिका गोळा करते आणि राज्याकडे भरते. मला फोनवर प्रश्न विचारणारे तो दरवर्षी भरतात. त्यातलं किती कोणत्या तालुक्यात गेलं, हे त्यांनी जरूर विचारावं. दोन मास्तरांच्या पगाराआधी विचारावं.

संचमान्यतेतही आदिवासी पाड्यावरचं, स्थलांतर करणाऱ्या घरातलं मूल दीड धरता येईल. आणि समूह शाळा काढायचीच असेल तर आधी बस सुरू करा, पावसाळ्यासकट वर्षभर चालवून दाखवा. तोवर वाडीवरच्या शाळेला कुलूप नको.