निळ्या पोर्टात डोंगल लावून क्यूबेस लवकर उघडत नाही

संगीत संयोजक आणि साउंडवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो. त्याचा मतलब असा: प्रो टूल्स किंवा क्यूबेस ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागतो तो डोंगलमुळे, म्हणजे लायसन्स साठवणाऱ्या यूएसबी किल्लीमुळे. तो निळ्या, म्हणजे यूएसबी ३ पोर्टात लावा, हब वापरू नका, जमल्यास लायसन्स क्लाउडवर न्या. पटत नसेल तर क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी तोडलेली चोरीची आवृत्ती किती झटकन उघडते ते बघा.

आधी निळ्या पोर्टाचं बघू, कारण पाठ थोपटून सांगितला जातो तो हाच उपाय. यूएसबी ३ च्या पोर्टात जलद वाहतुकीसाठी तारांच्या वेगळ्या जोड्या असतात. यूएसबी २ चं उपकरण तिथे लावलं तरी ते जुन्याच जोडीवर बोलतं, आणि आयलॉकसारखे डोंगल त्याच जातीचे. शिवाय तिथे मोठी फाइल जातच नाही. सॉफ्टवेअर एक छोटं कोडं पाठवतं, डोंगलमधली चिप ते सोडवून उत्तर देते. वेळ जातो तो चिपच्या आकडेमोडीत आणि हा सवाल-जवाब किती वेळा होतो त्यात. नाट्यगृहाचं दार दुप्पट रुंद केलं तरी तिकीट तपासणारा एकच असेल, तर रांग तेवढीच राहते.

म्हणजे डोंगल अगदीच निर्दोष आहे असं नाही. शेकडो प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेली आवाजाची आणि इफेक्टची छोटी सॉफ्टवेअर) आणि प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी, असं असेल तर सेकंदांची बेरीज जाणवते. पण मग उपाय प्लगइन कमी करण्याचा आहे. प्रो टूल्समध्ये नको असलेले प्लगइन 'प्लग-इन्स (अनयूज्ड)' फोल्डरमध्ये हलवले की पुढच्या वेळी ते वाचलेच जात नाहीत.

हबबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्वतःचा वीजपुरवठा असलेला बरा हब चालतो. चार उपकरणं लोंबकळणारा स्वस्त हब डोंगलला मध्येच सोडतो. लॅपटॉपवर विंडोज असेल तर वीज वाचवण्यासाठी यूएसबी झोपवण्याची सोय तेवढी बंद करा.

आता क्लाउड. आयलॉक क्लाउडला काम चालू असेपर्यंत इंटरनेट लागतं. भर पावसात नेट गेलं आणि समोर गायक उभा असेल, तर वाचवलेल्या सेकंदांचं काय करायचं? आणि ते सेकंद वाचतातच असंही नाही. आयलॉक बनवणाऱ्या पेस कंपनीच्या संरक्षणात प्लगइनचा कोडच गुंडाळलेला असतो. तो उलगडायचं, त्यात छेडछाड झाली आहे का ते बघायचं काम तुमचा प्रोसेसर करतो; लायसन्स डोंगलवर असो, संगणकात असो की क्लाउडवर. प्रो टूल्सच्या एएएक्स प्रकारच्या प्लगइनवर डिजिटल सही लागते आणि ती तपासली जाते, प्लगइन फुकटचं असलं तरी. क्यूबेसनं तर २०२२ मध्ये १२ व्या आवृत्तीपासून डोंगल सोडला. तरी प्लगइनची तपासणी, ऑडिओ ड्रायव्हर जागा होणं, मोठ्या टेम्प्लेटमधले (आधीच मांडून ठेवलेल्या प्रोजेक्टमधले) कॉन्टॅक्ट या सॅम्पलर प्लगइनचे आवाज हार्ड डिस्कवरून मेमरीत येणं, हे सगळं उरलंच.

क्रॅकचा दाखला सगळ्यात लंगडा. तपासणी काढून टाकली की काही वेळ वाचतो, हे खरं. पण तुलना कशाची होते? एकीकडे नुकताच फॉरमॅट केलेला संगणक आणि मोजके प्लगइन, दुसरीकडे वर्षानुवर्षं साठवलेली स्टुडिओची अडगळ. हे मोजमाप नव्हे. आणि चोरीच्या फाइलबरोबर काय आत आलं हे विचारायची सोयही राहत नाही.

खरंच मोजायचं असेल तर उघडताना स्प्लॅश स्क्रीनकडे, म्हणजे सुरुवातीला दिसणाऱ्या चित्राच्या खिडकीकडे बघा. कोणत्या नावापाशी गाडी अडते ते तिथेच दिसतं. क्यूबेस साठवलेली सेटिंग्ज (प्रेफरन्सेस) बाजूला ठेवून उघडायचं असेल तर सुरुवातीलाच कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट दाबून धरा. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. तसं उघडल्यावर उशीर गेला तर डोंगल तिथल्या तिथे ठेवा आणि सेटिंग्ज तपासा.