तोफ चंद्रासाठी होती

पॅरिसच्या डिस्नेलँडमधल्या स्पेस माउंटनवर, म्हणजे तिथल्या बंदिस्त, अंधाऱ्या रोलर कोस्टरवर, आता स्टार वॉर्स चढवलंय. त्याचा विषय निघाला की फॅन मंडळींपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "अगं, ओव्हरलेच तर आहे. राइड तीच आहे ना? रूळ तेच, लूप तेच, वेग तोच." ओव्हरले म्हणजे मूळ राइडवर तात्पुरता चढवलेला दुसऱ्या गोष्टीचा साज. हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. रूळ म्हणजे राइड नव्हे! रूळ काय, कुठल्याही जत्रेत टाकता येतात. ती इमारत, तो उतरता तांबूस घुमट, त्याच्या अंगाला बाहेरून टेकवलेली ती प्रचंड तोफ, हे सगळं एका विशिष्ट गोष्टीसाठी उभं केलं होतं. ती गोष्ट काढून घेतली आणि वर आम्हालाच सांगतात की काही बदललेलं नाही.

गोष्ट ज्यूल व्हर्नची आहे. 1865 साली त्याने चंद्रप्रवासाची कादंबरी लिहिली. बाल्टिमोरच्या गन क्लबातले तोफवेडे लोक युद्ध संपल्यावर करायचं काय म्हणून फ्लॉरिडात कोलंबियाड नावाची अवाढव्य तोफ ओततात आणि तीन माणसांना गोळ्यात बसवून चंद्राकडे डागतात. पॅरिसची राइड 1 जून 1995 ला उघडली तेव्हा नावातच "पृथ्वीवरून चंद्रावर" होतं. तुमची गाडी त्या तोफेच्या नळीत येऊन थांबायची आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, इमारतीच्या बाहेरून, वर फेकली जायची. आत अंधारात उल्का, तीन वेळा उलटं होणं, आणि वर गेल्यावर समोर तोंड असलेला, हसरा चंद्र. तो चंद्र मेलिएसच्या 1902 च्या मूकपटातून आला होता. म्हणजे एका फ्रेंच लेखकाचं स्वप्न, एका फ्रेंच जादूगाराने पडद्यावर आणलेला चंद्र, आणि फ्रान्सच्याच मातीत उभी असलेली राइड. स्टीव्ह ब्रॅमसनचं संगीत गाडीतच, तुमच्या कानाशी, प्रत्येक वळणाला जुळवून वाजायचं. एखाद्या थीम पार्कमध्ये जागा, गोष्ट आणि यंत्र इतकं एकजीव झालेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि ही राइड कंपनीसाठी शोभेची वस्तू नव्हती. 1992 ला पार्क उघडल्यापासून ते कर्जात गळ्यापर्यंत बुडालं होतं. ज्या वर्षी हा डोंगर उघडला त्याच वर्षी पार्कने पहिल्यांदा नफा दाखवला. त्याला इतरही कारणं होती, कर्जाची फेररचना होती, तिकिटं स्वस्त केली होती. पण लोक गाड्या भरभरून आले ते ही तोफ बघायला. ज्याने पडत्या काळात हात दिला, त्याच्याशी हे असं वागायचं?

2005 मध्ये पहिला घाव बसला. "मिशन 2" आलं, चंद्र गेला, व्हर्न गेला, आता आपण विश्वाच्या टोकाला जातोय असं ठरलं. तेव्हाही चिडचिड झाली, पण निदान अवकाशप्रवासाचं कुतूहल तरी शिल्लक होतं. मग 7 मे 2017 ला हायपरस्पेस माउंटन आलं. आता तोफेतून सुटलं की तुम्ही थेट स्टार वॉर्समधल्या जक्कू ग्रहाजवळच्या लढाईत. एक्स-विंग, टाय फायटर ही लढाऊ यानं, लाल-हिरव्या गोळ्या. तोफ मात्र अजून बाहेर तशीच उभी आहे. कशासाठी उभी आहे ते आतलं काहीच सांगत नाही. पहिल्यांदा येणारा मुलगा विचारेल, ही तोफ कोणाची, तर त्याला द्यायला त्या सगळ्या शोमध्ये एक ओळसुद्धा नाही.

आता ओव्हरलेचं बोलू. ओव्हरले म्हणजे काय ते डिस्नेनेच आम्हाला शिकवलं आहे. कॅलिफोर्नियात 2001 पासून दर वर्षी हॉन्टेड मॅन्शन या भुताच्या वाड्याच्या राइडवर हॅलोविन आणि ख्रिसमसचा साज चढतो. भोपळे लागतात, सिनेमातला सांगाडा जॅक स्केलिंग्टन येतो, आणि जानेवारीत सगळं उतरवून 1969 चा मूळ वाडा परत मिळतो. मला तो साज मनापासून आवडतो! कारण तो उतरतो. हायपरस्पेस माउंटनचा जन्मसुद्धा कॅलिफोर्नियातच, नोव्हेंबर 2015 मध्ये, नव्या स्टार वॉर्स सिनेमाच्या तोंडावर, हंगामी म्हणून झाला. तिथे तो अजून हंगामीच आहे. काही आठवडे येतो, जातो, आणि मधल्या काळात स्पेस माउंटन स्पेस माउंटन असतं. पॅरिसमध्ये? 2017 पासून ठाण मांडून बसलाय. हाँगकाँगमध्ये तर 2016 पासून. ओसरी दिली आणि याने हातपाय पसरले. जे उतरतच नाही त्याला ओव्हरले म्हणू नका. तो ताबा आहे.

वाद घालणाऱ्यांचा दुसरा आवडता मुद्दा असतो, "आजकालच्या मुलांना व्हर्न कोण ते माहीत नाही." अरे, मग माहीत करून द्या ना! 1995 मध्ये तरी प्रत्येक मूल कादंबरी वाचून रांगेत उभं राहत होतं का? राइडने गोष्ट सांगितली, मुलांनी ती ऐकली, झालं. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला तेव्हा मराठी मुलांना तो आधीपासून माहीत होता थोडाच? किती घरांतली पोरं ती पुस्तकं वाचून गच्चीत चंद्राकडे बघत बसली. कोणीतरी आधी हातात ठेवायला लागतं. मुलांना माहीत असलेलंच परत परत पुढ्यात टाकायचं असेल तर घरी टीव्ही आहे, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला काढायचं?

आणि लोक येत नाहीत म्हणता? व्हर्नच्याच गावाला, नांतला, जाऊन या. तिथे 2007 पासून जुन्या जहाजबांधणीच्या आवारात बारा मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती पाठीवर माणसं घेऊन फिरतोय. व्हर्न आणि लिओनार्दो दा विंचीच्या कल्पनांवरून बनवलेला. त्याच्यामागे कुठलाही सिनेमा नाही, मालिका नाही, खेळणी विकणारी साखळी नाही. तो सोंडेतून पाणी उडवत चालायला लागला की आजोबा आणि नातू दोघंही तोंड उघडं टाकून बघतात. फ्रान्समध्ये, याच काळात, हे चालतं. तेव्हा "आता फ्रँचायझीशिवाय जमत नाही" हे मला ऐकवू नका.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा, कारण तिच्यावर कोणी बोलतच नाही. कॅलिफोर्नियात 1955 मध्ये टुमॉरोलँड हा पार्कातला भविष्याचा भाग उघडलं तेव्हा ते 1986 सालचं जग दाखवणार होतं. भविष्य दाखवायला गेलं की ते बघता बघता शिळं होतं. ते टुमॉरोलँड आजपर्यंत सावरलेलं नाही. 1998 च्या रंगरंगोटीनंतर आलेली रॉकेट रॉड्स ही राइड दोन वर्षांत बंद पडली, आणि त्याआधीच्या पीपलमूव्हर या संथ गाडीचे ते रिकामे रूळ आजही लोकांच्या डोक्यावर तसेच लटकताहेत. पॅरिसच्या डिझायनरांनी हा पेच आधीच ओळखला होता. टोनी बॅक्स्टर, टिम डिलेनी या लोकांनी तिथे टुमॉरोलँड बांधलंच नाही. त्यांनी डिस्कव्हरीलँड बांधलं: जुन्या काळाने पाहिलेलं भविष्य. व्हर्न, विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स, लिओनार्दो. जे भविष्य कधी येणारच नव्हतं ते शिळं कसं होईल? किती शहाणपणाचा विचार होता तो! आणि आम्ही काय केलं? 2004 मध्ये व्हर्न आणि वेल्स यांच्या भेटीचा 360 अंशांतला शो बंद करून तिथे टॉय स्टोरी सिनेमातल्या बझ लाइटइयरचा नेमबाजीचा खेळ आणला. मग डोंगरच दिला. आता उरलंय काय? नॉटिलस पाणबुडी आणि ऑर्बिट्रॉन. एवढ्यावर त्या भागाचं नाव अजून डिस्कव्हरीलँड ठेवलंय.

मी स्टार वॉर्सच्या विरोधात नाही, हे दरवेळी शपथेवर सांगावं लागतं याचाही आता कंटाळा आलाय. स्टार टूर्स ही स्टार वॉर्सचीच राइड त्याच भागात पार्क उघडल्यापासून आहे, त्याला कोणी हात लावा म्हणालं नाही. उलट 2018 मध्ये डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी दोन अब्ज युरोंचा विस्तार जाहीर केला, तेव्हा शेजारच्या दुसऱ्या पार्कात मार्व्हल, फ्रोझन आणि स्टार वॉर्स असे तीन भाग येणार होते. मला मनापासून आनंद झाला होता. स्टार वॉर्सला स्वतःची जागा मिळेल, डोंगर मोकळा होईल! मार्व्हलचा भाग 2022 ला उघडला. स्टार वॉर्सचा मात्र आराखड्यातून गुपचूप गळाला, त्या पार्कासाठी लायन किंग जाहीर झालं. म्हणजे स्टार वॉर्स बनवणारी लुकासफिल्म चार अब्ज डॉलर देऊन विकत घेतली, पण तिला युरोपात घर बांधून देण्याऐवजी व्हर्नच्या घरात घुसवून ठेवली. स्टार वॉर्सच्या फॅननीसुद्धा यावर भडकायला हवं. त्यांना अमेरिकेतल्या गॅलेक्सीज एजसारखा अख्खा स्टार वॉर्सचा भाग मिळायला हवा होता, मिळालं काय, तर दुसऱ्याच्या गोष्टीसाठी आखलेल्या वळणांवर चिकटवलेले लेझर. आणि ते भांडतात कोणाशी, तर आमच्याशी!

तिकडे टोकियोत बघा. तिथलं पार्क डिस्नेच्या मालकीचं नाही, ओरिएंटल लँड कंपनीचं आहे. त्यांनी 1983 चा स्पेस माउंटन 2024 च्या जुलैअखेर बंद केला आणि अब्जावधी येन घालून नवा बांधताहेत, 2027 साठी. नाव? स्पेस माउंटन. कुठला सिनेमा? कुठलाच नाही. माणूस, निसर्ग आणि अवकाश, बस्स. पैसे आहेत, धंदा कळतो, आणि तरीही अवकाशावर विश्वास आहे. हे होऊ शकतं, आत्ता, याच दशकात होतंय.

आणि मागणी तरी काय मोठी आहे? रूळ बदलू नका, गाड्या बदलू नका. मे महिन्यात, स्टार वॉर्सच्या दिवसांत, खुशाल लेझर लावा, कॅलिफोर्निया लावतं तसे. पण उरलेलं वर्षभर ब्रॅमसनचं संगीत पुन्हा वाजवा, त्या तोफेवर कोलंबियाडचं नाव घ्या, आणि वरच्या अंधारात तो चंद्र परत टांगा.