काम न करण्याचा हक्क

डेबियनच्या घटनेत एक कलम आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात याहून शहाणपणाचं काही कोणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. त्याचा आशय असा: या घटनेमुळे कोणावरही प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन येत नाही. एखादं काम तुमच्याकडे सोपवलेलं आहे पण तुम्हाला ते करायचं नाही, तर करू नका. फक्त नियमांच्या आणि नियमाने झालेल्या निर्णयांच्या आड येऊ नका.

ज्यांना डेबियन माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ही एक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. इयन मर्डॉक नावाच्या कॉलेजातल्या मुलाने १६ ऑगस्ट १९९३ ला तिची घोषणा केली. आज जगभरातले साधारण हजारभर अधिकृत डेव्हलपर आणि त्याहून कितीतरी जास्त मदतनीस ती चालवतात. मागे कंपनी नाही, मालक नाही, सीईओ नाही. आपल्यापैकी अनेकांनी २०११ पर्यंत पोस्टाने घरपोच येणाऱ्या उबुंटूच्या फुकट सीड्या मागवल्या होत्या (आणि कपाटात ठेवल्या होत्या, खोटं कशाला बोला). तो उबुंटू याच डेबियनवर उभा आहे. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, त्यात ६९ हजारांहून जास्त पॅकेजं (म्हणजे इन्स्टॉल करायला तयार सॉफ्टवेअरचे संच) आहेत. एवढा पसारा सांभाळणाऱ्या संस्थेची डिसेंबर १९९८ पासूनची घटना सांगते की, बाबा रे, नाही जमत तर नको करूस.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे एका लिनक्स ग्रुपवर नुकताच वाचलेला संवाद. एका गृहस्थांचं वायफाय चालेना. एका मुलाने संध्याकाळभर बसून त्यांना कमांड लिहून दिल्या, आउटपुट मागवलं, कर्नलची आवृत्ती विचारली. मग तो दोन दिवस दिसला नाही. तर यांचा मेसेज: "उत्तर द्यायचं नसेल तर ग्रुप चालवता कशाला? लोकांचा वेळ वाया घालवू नका." खाली अंगठे. म्हणजे सहमती! नंतर कळलं की मुलाची सेमिस्टरची परीक्षा चालू होती. पण खरं सांगू का, परीक्षा नसती आणि तो घरी क्रिकेट बघत पडला असता, तरी माझं मत हेच राहिलं असतं. त्याने कारण का द्यावं?

पुण्यात मी या ग्रुपांचं जग बरीच वर्षं बघतोय. इन्स्टॉल फेस्ट (लोकांच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून देण्याचा मेळावा) म्हणजे काय प्रकार असतो ते तिथे राबलेल्यालाच कळतं. एका खोलीत वीस लॅपटॉप, चार एक्स्टेंशन बोर्ड, प्रत्येकाला ड्युअल बूट (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) हवं, एकानेही बॅकअप घेतलेला नाही. कोणाचं सिक्युअर बूट बंद होत नाही, कोणाच्या विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवलेली आणि रिकव्हरी की म्हणजे काय हेच माहीत नाही. आणि एक काका असतातच, ज्यांना लिनक्स नकोय, प्रिंटर चालू करून हवाय. या गर्दीत दोन-तीन माणसं सकाळपासून खाली मान घालून काम करत असतात. जेवायला उठवावं लागतं त्यांना.

त्यातलाच एकजण. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. हॉल मिळवणं, परवानगीचं पत्र, प्रोजेक्टर आणणं, चहावाल्याला सांगणं, वेबसाइटच्या डोमेनचे पैसे भरणं, सगळं त्याच्याकडे. एकदा कोणी केलं म्हणून कायमचं त्याचंच झालं. मग एका महिन्यात तो आला नाही. तेव्हा खोलीत पहिला प्रश्न काय विचारला गेला? "प्रोजेक्टर कुणाकडे आहे?" तो बरा आहे का, हे विचारायला कोणाला सुचायला पुढची मीटिंग उजाडली. तोवर तो ग्रुपमधून बाहेर पडला होता, न सांगता. सांगून बाहेर पडायची आमच्याकडे पद्धतच नव्हती ना! सांगितलं की आधी आग्रह, मग "तुझ्याशिवाय कसं होणार", मग थोडी नाराजी. गणपती मंडळात मांडवाचं काम सोडणाऱ्या कार्यकर्त्याचं जे होतं तेच. त्याने पंधरा वर्षं खांब रोवले हे कोणी बोलत नाही, सोळाव्या वर्षी आला नाही हे मात्र गल्लीभर होतं.

डेबियनवाल्यांनी या सोडण्याची नीट व्यवस्था केली आहे, आणि मला तिचं विलक्षण कौतुक वाटतं. तिथे प्रत्येक पॅकेजला मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा असतो, एक माणूस किंवा एक टीम. मेंटेनर थकला तर त्याच्यासमोर पायऱ्या आहेत. नुसती मदत हवी असेल तर तशी नोंद टाकायची. हळूहळू कोणाच्या तरी हवाली करायचं असेल तर तशी वेगळी नोंद. आजच सोडायचं असेल तर पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करायचं, मग गुणवत्ता सांभाळणारा गट त्याच्याकडे तात्पुरतं लक्ष ठेवतो आणि कोणीही ते दत्तक घेऊ शकतो. या सगळ्याची यादी उघड्यावर असते. नवशिक्याला "काम कुठे आहे" हा प्रश्न पडला तर तीच यादी त्याला दाखवतात. एकाचं सोडणं हे दुसऱ्याचं आत येण्याचं दार आहे, आणि दोन्ही एकाच कागदावर.

एखादा काहीच न बोलता गायब झाला, तर त्यासाठीही माणसं नेमलेली आहेत. ती आधी साधी विचारपूस करतात, पुन्हा लिहितात, आणि बराच काळ उत्तर आलं नाही तरच त्याची पॅकेजं मोकळी करतात. दुर्लक्षित पॅकेज दुसऱ्याला ताब्यात घ्यायचं असेल तर २०१८ पासून त्याचाही नियम आहे: जाहीर सूचना द्यायची, २१ दिवस थांबायचं, मग पुढे जायचं. डेव्हलपर म्हणूनच निवृत्त झालात तर मानाने नाव राहतं, आणि पुन्हा यावंसं वाटलं तर सगळी परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागत नाही.

वरच्या खुर्चीचंही तसंच. प्रकल्पाचा नेता दरवर्षी मतदानाने निवडतात, मुदत एक वर्ष. मतपत्रिकेवर "यापैकी कोणीही नाही" हाही पर्याय उमेदवारासारखाच उभा असतो. २०१९ मध्ये तर अर्ज भरायची मुदत संपली आणि एकही अर्ज नाही! आपल्याकडे अशा वेळी ज्येष्ठांनी एखाद्याला धरून आणलं असतं, "अरे घे रे, नावापुरतं आहे" म्हणत. तिथे घटनेप्रमाणे मुदत आठवडाभर वाढली, उमेदवार आले, सॅम हार्टमन निवडून आले, त्यांनी वर्ष काढलं आणि पुढच्या वेळी उभे राहिले नाहीत. कोणाचं आकाश कोसळलं नाही. (जाता जाता: केरळच्या श्रुती चंद्रन या पदासाठी २०२० पासून अनेकदा उभ्या राहिल्या. २०२३ च्या सप्टेंबरात कोचीला डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनचं वार्षिक संमेलन झालं, भारतातलं पहिलं. केरळवाल्यांनी या बाबतीत आपल्याला फार मागे टाकलंय, हा वेगळ्या पोस्टचा विषय.)

"पण उत्तर तरी द्यावं माणसाने", असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डेबियन २.२ ऑगस्ट २००० मध्ये आलं. ती आवृत्ती जोएल क्लेकर याला अर्पण केली आहे. जुलैमध्ये तो गेला होता. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, स्नायू निकामी करत जाणारा आजार, आणि डेबियनवर काम केलं त्यातला बराच काळ तो अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्याशी रोज गप्पा मारणाऱ्या बहुतेकांना याची कल्पनाच नव्हती. त्यांना दिसायचं ते फक्त त्याचं काम आणि चॅटमधलं टोपणनाव. कुणी तरी कधी तरी त्यालाही "अजून झालं नाही का" असं विचारलंच असेल, असं मला आपलं वाटतं.

आणि हा नुसता माणुसकीचा मामला नाही. २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवा. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, फिनलंडचे लासे कॉलिन. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणं लावलं: बदल इतके हळू का, नवा मेंटेनर का नेमत नाही. कॉलिन यांनी उत्तर दिलं की मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारींमुळे आपल्या कामाला मर्यादा आहेत, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हेही लक्षात ठेवावं. याच काळात "जिया टॅन" नावाने एकजण फार मदत करत होता. गोड, तत्पर, हवाहवासा. हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा निघाला, एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीतून थेट संगणकात शिरता येईल असा. टुमणं लावणारी ती नावंही याच कटातली असावीत असा दाट संशय आहे.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाचे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते डेबियनच्या अनस्टेबल शाखेवर (नवे बदल आधी येतात ती) काही मोजमाप करत होते. एसएसएचने लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं. ते खणत गेले आणि २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचायच्या आत सापडलं, म्हणून वाचलो.

बहुतेकांनी यातून सुरक्षेचा धडा घेतला. मला मात्र टोचलं ते दुसरंच. हल्लेखोराने कुलूप तोडलंच नाही. त्याला फक्त एक दमलेला माणूस हवा होता, आणि त्या माणसाच्या अंगावर ओरडणाऱ्यांची आपल्याकडे इतकी सवय झालेली आहे की खोटे ओरडणारे त्या गर्दीत सहज खपून गेले. ग्रुपवरचा तो "चालवता कशाला" वाला मेसेज मी वाचला तेव्हा म्हणूनच अंगावर काटा आला.

आता यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण आमच्याच घरात तो येतो. धाकटा भाऊ आयटीत आहे. तो म्हणतो, "दादा, बँका आणि हॉस्पिटलं या सॉफ्टवेअरवर चालतात, तिथे 'इच्छा नव्हती' चालत नाही." बरोबर आहे त्याचं. मग ज्यांना हमी हवी त्यांनी हमीचे पैसे द्यावेत. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांना दीर्घकाळ सुरक्षा अपडेट देण्याचं काम २०१४ पासून असंच चालतं: फ्रान्समधली फ्रेक्झियन ही कंपनी वेगवेगळ्या कंपन्यांकडून पैसे गोळा करते आणि डेव्हलपरना तासांवर मोबदला देते. कंटाळवाणं, गरजेचं काम, म्हणून पगारी.

पैसा कुठून आणि कसा शिरतो यालाही महत्त्व आहे. २००६ मध्ये डंक-टँक नावाचा प्रयोग झाला. पुढची आवृत्ती डिसेंबरात वेळेवर निघावी म्हणून रिलीज सांभाळणाऱ्या दोघांना महिन्याभराचं मानधन द्यायचं ठरलं. पुढाकार घेणाऱ्यांत खुद्द तेव्हाचे प्रकल्पनेते होते. झालं उलटंच. "त्यांना पैसे, मग आम्ही कशाला मरायचं?" म्हणून काहींनी हात आखडता घेतला, भांडणं झाली, आणि आवृत्ती निघाली एप्रिल २००७ मध्ये. माझा भाऊ याला मूर्खपणा म्हणतो. मला त्यांचा राग समजतो. स्वखुशीच्या कामात कोणाचं काम पैशाच्या लायकीचं आणि कोणाचं नाही हे आतल्याच माणसांनी ठरवायला घेतलं की पंगत उठते.

डेबियन म्हणजे संतांचा मेळा नव्हे, हेही लिहून ठेवतो. २०१४ मध्ये सिस्टिमडीवरून (संगणक चालू होताना बाकीच्या सेवा सुरू करणारं सॉफ्टवेअर) जी भांडणं झाली ती वाचून झोप उडेल. तांत्रिक समितीत अध्यक्षांच्या निर्णायक मताने फैसला झाला, काही जुनी माणसं पदं सोडून गेली, आणि एक गट डेव्हुआन नावाची वेगळी चूलच मांडून बसला. माझं पॅकेज म्हणजे माझं वतन, अशा थाटात वागणारेही तिथे निघतात. २१ दिवसांच्या सूचनेचा नियम उगाच नाही करावा लागला.

पुण्यात काम सोपवून सहज बाहेर पडण्याची ही गोष्ट न ठरवता एका ठिकाणी जमून गेली होती. सिम्बायोसिसच्या एसआयसीएसआर या संगणक शिकवणाऱ्या कॉलेजात वर्षानुवर्षे ग्नूनिफाय हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं, तिथले विद्यार्थी आणि पुण्याचा लिनक्स युजर्स ग्रुप मिळून करायचे. विद्यार्थी अभ्यासक्रम संपला की जाणारच. त्यामुळे दर वर्षी कोणीतरी कोणाला तरी सगळं समजावून सांगून निघून जायचं. कोणी कायमचा अडकला नाही आणि जाणाऱ्याला कोणी गद्दारही म्हटलं नाही.

आमच्या छोट्या ग्रुपमध्ये आता वर्षाच्या सुरुवातीला एक कागद फिरवतो. त्यावर कामं लिहिलेली असतात: हॉल, प्रोजेक्टर, नव्या लोकांना उत्तरं देणं, पोस्टर, डोमेन. प्रत्येकाने आपल्या नावापुढे "हो", "नाही" किंवा "जूनपर्यंत" लिहायचं. "नाही" लिहिणाऱ्याला "का?" असं विचारायचं नाही, हा एकच नियम. पहिल्या वर्षी सगळ्यांनी भिडेखातर "हो" लिहिलं आणि निम्मी कामं झालीच नाहीत. यंदा तिघांनी सरळ "नाही" लिहिलं. त्यातला एकजण दर मीटिंगला येतो, नुसता बसतो, मनापासून वाद घालतो आणि चहा पिऊन जातो. नव्यांची उत्तरं द्यायचं काम दोन मुलींनी वाटून घेतलंय, एक आठवडा ही, एक आठवडा ती. डोमेनपुढची जागा मात्र अजून रिकामी आहे. मुदत ऑक्टोबरात संपते. कोणाला घ्यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पासवर्ड देतो.