दुःखाचा ओलावा 12 टक्के

गावात कोणी गेलं की मातीवरून येऊन आंघोळ होते न होते तोच लोकं मोबाईल घेऊन माझ्या ओसरीवर हजर. कारण बीएला माझं इंग्रजी लिटरेचर होतं, अन् दर्यापूरकडल्या या खारपाणपट्ट्यात तेवढ्यावर माणूस इंग्रजांचा जावई समजल्या जातो.

खरं म्हणजे मयतीच्या घरी आपल्याकडे कोणी बोलतच नाही. सतरंजीवर बसायचं, "कसं झालं?" एवढं विचारायचं, तंबाखू मळायची, मग पाऊस, मग सोयाबीनचा भाव, अन् उठताना खांद्यावर हात, झालं सांत्वन. पण व्हॉट्सॲपवर तंबाखू मळता येत नाही ना राजेहो! त्यात गेलेल्या बुढ्याचा नातू पुण्यात कंपनीत, त्याचा सायब बी त्याच ग्रुपमध्ये, म्हणून सगळ्यायले इंग्रजीच पाहिजे.

"काका, आरआयपी टाकू का?" मी ओसरीवर आलेल्या काकांना विचारलं.

"बाप्पा! ते तं समद्यायनं टाकलं. जरा भारी दे."

भारी म्हणजे किती, इथंच माझा जीव जातो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर कापसात ओलावा 8 ते 12 टक्के चालते, त्याच्यावर गेला की गाडी वापस. इंग्रजी दुःखाचं तसंच आहे. नुसतं 'सॉरी' म्हणजे पार वाळलेला माल, पायावर पाय पडला तरी तेच म्हणतात. अन् 'हार्टब्रोकन' लिहिलं तर ओलावा थेट 20 टक्के, लोकं विचारतील का बा, तुमचं बुढ्याशी एवढं काय होतं? मी आपला 'डीप कन्डोलन्सेस'वर येऊन थांबतो, बरोब्बर 12 टक्के.

ते वाचून दाखवलं तं काका गप्प. मग हळूच म्हणे, "डीप म्हंजे?"

"खोल. लय मनापासून."

"मंग डीप काढ. नुसतं कन्डोलन्सेस राहू दे. त्याच्या-माझ्या वावरामधल्या धुऱ्याची मोजणी बाकी हाय अजून."

काढलं. मेसेज गेला, त्याच्यावर तो हात जोडलेला इमोजी मात्र काकांनी स्वतःच्या बोटानं दाबला, एक नाही तर सात-आठ, कारण इमोजीले मोजणी लागत नाही.

तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच बुढ्याचा मोठा पोरगा ओसरीवर. डोक्याचा गोटा, हातात मोबाईल. "भाऊ, एवढ्या लोकायचे मेसेज आले, आता उलट काय लिवू?"

मी सगळ्यांना 'थँक यू सो मच' टाईप करून दिलं. त्यानं यादी खालपर्यंत सरकवली, काकांच्या नावापाशी थांबला.

"याले नुसतं थँक्स दे. मोजणी बाकी हाय."